दहशतवाद, सायबर हल्ले आणि कलम ५१ : युद्धाचे नियम नव्याने लिहायला हवेत का?

वाटसरू (धागाकर्ता)

मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूर चालू असतानाच, यापुढे भारतावर होणारे कोणतेही दहशतवादी कृत्य हे युद्धकृत्य मानले जाईल, अशी भूमिका सरकारी सूत्रांच्या हवाल्याने जाहीर झाली. पहलगामला मारल्या गेलेल्या २६ जणांमध्ये डोंबिवली, पुणे आणि पनवेलची माणसे होती, त्यामुळे आपल्याकडे तेव्हा ही भूमिका बहुतेकांना मनापासून पटली आणि मलाही पटली. मात्र तिचा नेमका अर्थ काय, याचा विचार शांतपणे झाला असे मला वाटत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

संयुक्त राष्ट्रांची सनद १९४५ सालची आहे. तिच्या कलम २(४) प्रमाणे एका देशाने दुसऱ्याच्या भूभागाविरुद्ध बळाचा वापर करायचा नाही, त्याची धमकीही द्यायची नाही. आणि कलम ५१ प्रमाणे सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षणाचा अधिकार मात्र अबाधित आहे. सनद लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रणगाडे घेऊन सीमा ओलांडणारी सैन्ये होती. कराचीहून समुद्रमार्गे येऊन मुंबईत १६६ जणांचा जीव घेणारे दहा तरुण, किंवा शेजारच्या देशाची वीज बंद पाडणारा संगणकातील विषाणू, त्यांच्या कल्पनेत असणे शक्य नव्हते. मग जो देश आपल्या भूमीवरून चालणारे हल्ले थांबवत नाही, त्याचे सार्वभौमत्व पूर्वीइतकेच अभेद्य मानायचे का? आणि हल्ला होण्याची वाट न पाहता आधीच वार करण्याचा अधिकार उघडपणे मान्य करावा का? माझा कल ‘करावा’ या बाजूला आहे. पक्षीय राजकारण टाळून मते मांडावीत, ही विनंती.

---

विधिशिक्षक

धोके नवे आहेत म्हणून नियम नवे हवेत, या मांडणीतला पहिला भागच मला तपासून घ्यावासा वाटतो. आधीच वार करण्याच्या अधिकाराची चर्चा ज्या प्रकरणापासून सुरू होते, ते १८३७ सालचे आहे आणि त्यातला शत्रू कोणत्याही देशाचे सैन्य नव्हता. कॅनडातल्या ब्रिटिश राजवटीविरुद्ध बंड केलेल्या लोकांनी नायगारा नदीतल्या एका बेटावर ठाण मांडले होते, आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावरून त्यांना माणसे व सामान पुरवण्याचे काम ‘कॅरोलाइन’ नावाची एक आगबोट करत असे. अमेरिकेचे सरकार हे थांबवत नव्हते, किंवा त्याला ते थांबवता येत नव्हते. २९ डिसेंबरच्या रात्री ब्रिटिशांच्या तुकडीने नदी ओलांडली, अमेरिकेच्या धक्क्याला लागलेली ती बोट ताब्यात घेतली, पेटवली आणि धबधब्याच्या दिशेने प्रवाहात सोडून दिली. शेजाऱ्याच्या भूमीचा आसरा, बिगरसरकारी टोळी, सीमा ओलांडून केलेली मर्यादित कारवाई आणि वर ‘आम्ही स्वतःचा बचाव केला’ हा दावा : आज आपण ज्याला एकविसाव्या शतकाचा पेच म्हणतो, तो पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी जसाच्या तसा उभा होता.

त्यावरून झालेल्या पत्रव्यवहारात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेब्स्टर यांनी जी कसोटी मांडली, ती आजही वापरात आहे. धोका तत्काळ आणि अनावर असला पाहिजे, दुसरा उपाय आणि विचाराला उसंत उरलेली नसली पाहिजे, आणि कारवाई गरजेपुरतीच असली पाहिजे. या कसोटीवर जे उतरते ते करायला नव्या सिद्धान्ताची गरज पडत नाही, आणि नवा सिद्धान्त बहुधा मागितला जातो तो या कसोटीवर न उतरणाऱ्या कृतीसाठीच.

७ जून १९८१ रोजी इस्रायलने इराकची ओसिराक अणुभट्टी बॉम्ब टाकून नष्ट केली. पुढे धोका होऊ शकला असता, हा त्यांचा युक्तिवाद होता. सुरक्षा परिषदेने ठराव क्र. ४८७ एकमताने संमत करून त्या कृतीचा निषेध केला आणि अमेरिकेनेही ठरावाच्या बाजूने मत दिले. त्याच अमेरिकेने सप्टेंबर २००२ च्या आपल्या राष्ट्रीय सुरक्षा धोरणात, धोका पुरता आकाराला येण्याआधीच प्रहार करण्याचा अधिकार जाहीर केला आणि मार्च २००३ मध्ये इराकवर स्वारी केली. ज्या संहारक शस्त्रांसाठी हे सगळे झाले ती सापडली नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहे.

धागाकर्त्यांचा प्रश्न त्या वेळी शब्दशः विचारला गेला होता, हे मात्र कमी लोकांना ठाऊक असते. महासचिव कोफी अन्नान यांनी २००३ मध्ये एक उच्चस्तरीय समिती नेमली. तिच्यात भारताचे निवृत्त लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी, १९७१ च्या युद्धातील वीरचक्राचे मानकरी आणि पूर्वीच्या युगोस्लाव्हियातील शांतिसेनेचे पहिले सेनापती, म्हणजे युद्ध केवळ कागदावर पाहिलेला हा माणूस नव्हे. डिसेंबर २००४ च्या अहवालात समितीने स्पष्ट म्हटले की कलम ५१ पुन्हा लिहिण्याची किंवा त्याचा अर्थ बदलण्याची गरज नाही. धोका डोक्यावर येऊन ठेपला असेल तर देशाने स्वतः कृती करावी. तो दूरचा असेल तर पुरावे घेऊन सुरक्षा परिषदेकडे जावे. एका देशाला परवानगी दिली की सगळ्यांना दिल्यासारखी होते, हे त्यामागचे कारण होते.

ते कारण किती खरे होते हे २४ फेब्रुवारी २०२२ रोजी दिसले. युक्रेनवर सैन्य घालताना रशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी आधार म्हणून कलम ५१ चेच नाव घेतले.

---

निवृत्त फौजी

विधिशिक्षकांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, पण दूरच्या धोक्यासाठी सुरक्षा परिषदेकडे जावे हा सल्ला नकाराधिकार असलेल्या पाच देशांच्या जगात काय कामाचा? आपला अनुभव पाहा. २६/११ नंतर आपण हल्ला केला नाही. जानेवारी २००९ मध्ये पुराव्यांचे बाड पाकिस्तानच्या हाती दिले. त्यात संभाषणे होती, दूरध्वनींचा माग होता आणि जिवंत पकडलेल्या आरोपीचा जबाबही होता. तिकडे खटला रखडत राहिला आणि मुख्य सूत्रधारांपैकी एक असलेला लख्वी एप्रिल २०१५ मध्ये जामिनावर तुरुंगाबाहेर आला. संयमाचा हिशेब करणाऱ्याने ही बाजूही मांडली पाहिजे.

सार्वभौमत्व म्हणजे केवळ हक्क नव्हेत. आपल्या भूमीवरून दुसऱ्याला इजा होऊ न देण्याची जबाबदारीही त्यात येते, आणि ती कोणी नव्याने शोधून काढलेली नाही. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर सुरक्षा परिषदेने ठराव क्र. १३७३ ने सर्वच देशांना तसे बंधन घातले. जो देश ते जाणूनबुजून पाळत नाही, त्याने सीमेच्या पावित्र्याची ढाल पुढे करू नये, इतके माझे म्हणणे आहे. भारताने २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मेक्सिकोने बोलावलेल्या सुरक्षा परिषदेच्या सदस्यांच्या अनौपचारिक बैठकीत हेच तीन अटींसह मांडले होते : बिगरसरकारी गटाने वारंवार सशस्त्र हल्ले केले असले पाहिजेत, यजमान देश त्याचा बंदोबस्त करायला तयार नसला पाहिजे, आणि तो त्या गटाला सक्रिय मदत करत असला पाहिजे. असे असेल तर आधीच वार करणेही स्वसंरक्षणच ठरते, असे आपल्या प्रतिनिधींनी सांगितले. या तीन अटी मला कॅरोलाइनच्या कसोटीपेक्षा आजच्या परिस्थितीला जास्त लागू वाटतात.

आता धागाकर्त्यांनी सुरुवातीला जे वाक्य दिले आहे, त्याविषयी. त्याला माझा विरोध आहे, आणि तो कायद्याच्या पुस्तकातून आलेला नाही. सप्टेंबर २०१६ मधील सर्जिकल स्ट्राइक, फेब्रुवारी २०१९ मधील बालाकोट आणि मे २०२५ या तिन्ही वेळी आपण काय केले, त्याइतकेच काय केले नाही हेही महत्त्वाचे होते. बालाकोटनंतर परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी वाचलेल्या निवेदनात कारवाईला ‘असैनिकी’ म्हटले होते, म्हणजे लक्ष्य दहशतवादी तळ होता, पाकिस्तानी सैन्य किंवा नागरिक नव्हते. ७ मेच्या पहाटे झालेल्या हल्ल्यांनंतरही कारवाई मोजूनमापून केलेली आणि चिघळू न देणारी आहे, हे आवर्जून सांगितले गेले. तरीही २०१९ मध्ये दुसऱ्याच दिवशी हवाई चकमक झाली, आपले मिग-२१ पडले आणि वैमानिक त्यांच्या हाती सापडला; २०२५ मध्ये चार दिवसांत प्रकरण लष्करी हवाई तळांपर्यंत गेले. दोन्हीकडे अण्वस्त्रे असताना, प्रत्येक दहशतवादी कृत्य हे आपोआप युद्ध मानण्याची घोषणा म्हणजे युद्ध कधी सुरू करायचे हा निर्णय आपण आपल्या मंत्रिमंडळाकडून काढून सीमेपलीकडच्या चार बंदूकधाऱ्यांच्या हवाली करणे आहे. शिवाय त्यांना तर तेच हवे असते.

वार करण्याचा अधिकार असावा. कधी करायचा आणि करायचा की नाही, हे मात्र दर वेळी नव्याने ठरवण्याची मोकळीकही आपल्याकडेच असावी. सेनापतीला वेळ आणि जागा निवडता आली नाही तर त्याचे शौर्य वाया जाते.

---

न्हावा-शेवा

चर्चा पाकिस्तानपाशी येऊन थांबणार हे अपेक्षितच होते, पण नव्या धोक्यांचे खरे स्वरूप त्याहून वेगळे आहे असे मला वाटते. मी एका कस्टम हाउस एजंटच्या कचेरीत काम करतो. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या विषाणूने मेर्स्क या जहाज कंपनीची संगणक यंत्रणा जगभर बंद पाडली आणि तिच्या समूहाकडे असलेले जेएनपीटी या न्हावा-शेव्याच्या बंदरातले टर्मिनलही त्यात सापडले. निर्यातीच्या कंटेनरला गेटमधून आत घ्यायचे तर फॉर्म १३ लागतो, आणि तो निघत नव्हता. जे काम पडद्यावर क्षणात होते ते माणसे हाताने लिहून, यार्डात फिरून, कंटेनरचे नंबर वाचून करत होती. बाहेर ट्रेलर खोळंबले होते. चालक आम्हालाच विचारत होते की झाले तरी काय, आणि आमच्यापाशी सांगण्याजोगे काहीही नव्हते.

पुढे कळले ते असे. हा विषाणू युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सोडला गेला होता आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन व अमेरिकेने त्याची जबाबदारी रशियाच्या लष्करावर टाकली. रशियाने ती नाकारली. म्हणजे रशिया-युक्रेन संघर्षातले एक हत्यार उरणच्या खाडीपर्यंत येऊन पोहोचले होते. आता मला कोणी सांगावे की हा भारताच्या सार्वभौमत्वाचा भंग होता का? कलम ५१ च्या अर्थाने सशस्त्र हल्ला होता का? कोणी मेले नाही, काही कोसळले नाही, आणि आपण लक्ष्यही नव्हतो. कॅरोलाइनच्या कसोटीला येथे धरायला जागाच सापडत नाही.

गंमत अशी की ‘हे युद्ध होते का’ या प्रश्नाचा निकाल शेवटी विम्याच्या दाव्यात लागला. मर्क या अमेरिकी औषध कंपनीचे याच विषाणूमुळे सुमारे १४० कोटी डॉलरचे नुकसान झाले. विमा कंपन्यांनी सांगितले की ही एका देशाची युद्धसदृश कृती आहे आणि आमच्या पॉलिसीत युद्ध वगळलेले आहे. न्यू जर्सीच्या न्यायालयाने ते मानले नाही आणि मे २०२३ मध्ये अपिलातही निकाल मर्कच्याच बाजूने लागला. ते कलम पारंपरिक लष्करी कृतीपुरतेच आहे, असा त्याचा अर्थ निघाला. त्यावर लंडनच्या लॉइड्स या विमाबाजाराने स्वस्थ न बसता, देशांच्या पाठबळाने होणारे मोठे सायबर हल्ले वगळणारी कलमे २०२३ पासून पॉलिसीत सक्तीची केली. परराष्ट्र खात्यांच्या आधी विमेवाल्यांनी आपले नियम बदलले!

आणखी एक उदाहरण आपल्या घरचेच. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि परिसराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि अशा वेळी शहराला उर्वरित जाळ्यापासून वेगळे काढून चालू ठेवणारी आयलंडिंगची व्यवस्थाही त्या दिवशी टिकली नाही. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता सांगितली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण दिले. वीज गेली तेव्हा गलवानच्या चकमकीला जेमतेम चार महिने झाले होते आणि संशयाचे बोट चीनकडे दाखवले जात होते. निवृत्त फौजींना माझा प्रश्न आहे : ज्या घटनेबाबत हल्ला झाला की नाही यावरच राज्य आणि केंद्र यांचे एकमत नाही, तेथे आधीच वार करण्याचा अधिकार घेऊन नेमका कोणावर वार करायचा?

---

मांडवीकाठ

गोव्याचा असल्यामुळे एका गोष्टीची आठवण करून देतो. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात आले तेव्हा सनदेचा भंग केल्याचा आरोप भारतावर होता. सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे अॅडलाय स्टीव्हन्सन अतिशय कडक बोलले. युद्धबंदी आणि सैन्य माघारीची मागणी करणाऱ्या ठरावाला ११ पैकी ७ मते मिळाली आणि तो सोव्हिएत नकाराधिकारामुळे फेटाळला गेला. १९७१ मध्येही तेच झाले. जवळजवळ एक कोटी निर्वासितांचा लोंढा हेच आमच्यावरचे आक्रमण आहे, हा भारताचा युक्तिवाद मनाला भिडणारा होता, पण ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदीची मागणी केली. आज या दोन्ही कारवाया चुकीच्या होत्या असे म्हणणारा माणूस आपल्याला शोधून काढावा लागेल.

पण यावरून ‘मग कायद्याला कशाला विचारायचे’ असे मी म्हणत नाही. गोव्याच्या बाबतीत पोर्तुगालचा बचाव पूर्णपणे सार्वभौमत्वावर उभा होता. सालाझारच्या राजवटीने १९५१ मध्ये घटना बदलून वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ ठरवले होते, म्हणजे गोवा ही वसाहतच नव्हे, तो पोर्तुगालचा भाग आहे! हा दावा जगात टिकला नाही, कारण आदल्याच वर्षी, डिसेंबर १९६० मध्ये, आमसभेने ठराव क्र. १५१४ संमत करून वसाहतवादाचा शेवट करण्याची घोषणा केली होती आणि तिच्या विरोधात एकही मत पडले नव्हते. सार्वभौमत्वाची कल्पना त्या काळात खरोखरच बदलली, आणि ती एका देशाने आपल्या सोयीने बदलली नाही. आशिया-आफ्रिकेतल्या अनेक नव्या देशांनी वर्षानुवर्षे रेटा लावून ती बदलून घेतली. धागाकर्त्यांना नवा दृष्टिकोन हवा असेल तर त्याचा रस्ता हा आहे. २००५ मध्ये जागतिक नेत्यांनी मान्य केलेली, नरसंहारापासून जनतेचे संरक्षण करण्याची जबाबदारी याच रस्त्याने आली होती. २०११ मध्ये लिबियात तिचा वापर सरकार उलथण्यासाठी झाला आणि मग सीरियाच्या वेळी कोणी तिचे नावही ऐकून घेईना, हा भाग वेगळा. आणि तो आधीच वार करण्याचा अधिकार मागणाऱ्यांनी नीट अभ्यासावा असा आहे.

---

वाटसरू

सर्वांचे आभार. प्रतिसाद वाचून माझा प्रश्न आता बराच अरुंद झाला आहे. भारताच्या २०२१ च्या तीन अटी मला योग्य वाटतात. पण यजमान देश हल्लेखोरांना आवरायला तयार नाही, किंवा उलट त्यांना मदत करतो, हे ठरवायचे कोणी? हल्ला सोसणारा देशच ठरवणार असेल तर तो फिर्यादीही झाला आणि न्यायाधीशही. सुरक्षा परिषदेने ठरवायचे म्हटले तर निवृत्त फौजींचा आक्षेप बिनतोड आहे.

---

विधिशिक्षक

वार करण्याआधी ठरवणारा तटस्थ कोणी मिळणार नाही, हे मान्य करूनच पुढे जावे लागेल. पण वार केल्यानंतरचा हिशेब मागता येतो, आणि त्याची तरतूद कलम ५१ मध्येच आहे : केलेली कारवाई सुरक्षा परिषदेला ताबडतोब कळवायची. निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध केलेल्या खटल्याच्या १९८६ च्या निकालात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटले होते की एखाद्या देशाने असे कळवलेच नसेल, तर आपण स्वसंरक्षण करत आहोत यावर त्याचा स्वतःचा तरी विश्वास होता का, हे ठरवताना ती गोष्ट विचारात घेता येते. त्याच निकालात न्यायालयाने हेही सांगितले की बंडखोरांना केवळ शस्त्रे किंवा रसद पुरवणे हा सशस्त्र हल्ला ठरत नाही. आपली तिसरी अट येथे अडखळते, आणि बदल हवाच असेल तर तो या जागी मागावा, सबंध सनदेत नव्हे.

न्हावा-शेवा यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की प्रत्येक सार्वभौमत्वभंगाला लष्करी उत्तर नसते. बेकायदा पण सशस्त्र हल्ल्याहून कमी अशा कृतीसाठी निर्बंध, हकालपट्टी, नुकसानभरपाईची मागणी असे प्रतिउपाय कायद्यात आहेत. ते वापरायलाही दोषी कोण हे आधी दाखवावे लागते, आणि मुंबईच्या विजेबाबत आपण तेच करू शकलो नाही.

---

निवृत्त फौजी

कळवण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पुरावा उघड करण्याला, कारण एक छायाचित्र किंवा एक ध्वनिमुद्रण दाखवले की ते कोठून मिळाले हे समोरच्याला कळते आणि तो माणूस किंवा ते साधन कायमचे हातचे जाते. तरीही ते कधीकधी करावेच लागते हे मान्य. वर ज्यांचा उल्लेख आला त्या स्टीव्हन्सन यांनीच ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातल्या क्षेपणास्त्रांची विमानातून घेतलेली छायाचित्रे सुरक्षा परिषदेत मांडली आणि त्यानंतर सोव्हिएत प्रतिनिधींच्या नकाराला काही अर्थ उरला नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये कॉलिन पॉवेल यांनी त्याच परिषदेत इराकविषयी तितक्याच आत्मविश्वासाने पुरावे मांडले आणि ते खोटे निघाले.

म्हणून माझी सूचना अशी. सीमेपलीकडे केलेल्या प्रत्येक कारवाईमागचा गुप्तवार्तेचा आधार सहा महिन्यांच्या आत संसदेच्या एका छोट्या, सर्वपक्षीय समितीला बंद दाराआड दाखवणे सरकारवर बंधनकारक करावे. सुरक्षा परिषद आपल्या हातात नाही, संसद आहे. आज आपल्याकडे युद्धाच्या निर्णयाला संसदेची पूर्वसंमती लागत नाही आणि ती लागावी असे मी म्हणणारही नाही, कारण तेवढा वेळ नसतो. पण नंतर विचारणारे कोणीतरी आहे हे ठाऊक असले, की कागद पुढे पाठवणारा अधिकारी तो दोनदा वाचतो. विधिशिक्षकांना विचारायचे आहे की असा कायदा करताना घटनेची काही अडचण येईल का, आणि समितीत किती जण असावेत?